खाटकाचा उपवास

ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या मोठ्या उपवासाचे सात आठवडे म्हणजे सगळ्या गावाला कंटाळा. मिर्सिनी मात्र वर्षभर त्यांचीच वाट बघायची. तिचा बाप इग्नातिस हा गावचा एकुलता एक खाटीक, आणि तेवढ्या दिवसांत त्याचं दुकान बंद असायचं.

आता मिर्सिनीने सत्तरी ओलांडली आहे. पिरेअस शहरात लेकाकडे राहते, उपवास अजून धरते. सून बाजारातून डबे आणते, त्यांवर ‘उपवासाचं चीज’ असं छापलेलं असतं. मिर्सिनी डबा उलटासुलटा करून बघते. "हेच खायचं तर उपवास तरी कशाला करायचा गं?" एवढंच म्हणते, चिडत नाही. तिचं मन तोवर लेस्वॉस बेटाच्या किनाऱ्यावर, त्या बंद दुकानाच्या पायरीशी जाऊन बसलेलं असतं.

दुकान खरं तर उपवासाच्या आधी आठवडाभरच बंद व्हायचं. मांसाच्या शेवटच्या रविवारी सकाळपासून झुंबड उडायची. जणू उद्यापासून जगात बकरं म्हणून उरणारच नाही. संध्याकाळी शेवटचं हाड कुत्र्यापुढे टाकून इग्नातिस मांस तोडायचा ओंडका मिठाने आणि लिंबाच्या सालींनी घासायला बसायचा. सत्तूर आणि सुऱ्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत जायच्या. दाराला फळी लावताना तो दरवर्षी तेच म्हणायचा, "चला, आता बकऱ्यांनाही जरा निवांत झोप लागू दे."

मग एक आठवडा अंडी आणि चीज. त्यानंतर तेही बंद. उपवासाच्या पहिल्या सोमवारी अख्खं गाव डोंगरावर पतंग उडवायला जायचं. तीळ लावलेल्या चपट्या भाकऱ्या, ऑलिव्ह, कांद्याची पात, तिळाचा हलवा, आणि पोरांच्या हातात गुंतलेला मांजा. त्या दिवशी उपवास आहे असं कुणाला वाटायचंच नाही. तो कळायचा दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा लोकांच्या तोंडी चुलीवरच्या डाळीशिवाय दुसरा विषय उरत नसे.

इग्नातिसच्या घरी मात्र उलटं होतं. आई, एर्मिओनी, त्या दिवसांत तेलाच्या घाण्यावर कामाला असायची, आणि रिकामा बाप चुलीचा ताबा घ्यायचा. एरवी चार शब्द न बोलणारा हा दांडगा माणूस पहाटे होडी घेऊन जायचा, खडकांमधून माकूल, ऑक्टोपस, शिंपल्या काढून आणायचा. ज्यात रक्त नाही ते उपवासाला चालतं. मग बाह्या सरसावून तो पालक निवडायचा, बडीशेपेचा कोवळा पाला चिरायचा, कांद्याच्या पाकळ्या एकेक सोडवून त्यांत भात भरायचा. कांदा चिरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तो म्हणायचा, "बकरं कापताना कधी रडलो नाही, आणि हा कांदा बघ कसा रडवतो." मिर्सिनी ओट्यावर बसून पाय हलवत हसायची.

आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी बापाच्या अंगाचा वास जायचा. दहा महिने तो वास घरात असायचा. रक्ताचा, चरबीचा, कितीही साबण लावला तरी नखांच्या मुळाशी उरणारा. शाळेत पोरं तिला ‘खाटकीण’ म्हणायची, ती जवळ आली की नाकं धरायची. पण तिसऱ्या आठवड्यानंतर बापाला लिंबाचा आणि समुद्राचा वास यायचा. मिर्सिनी त्याच्या कुशीत शिरून मुद्दाम खोल श्वास घ्यायची. शाळेतली पोरंही तेवढे दिवस ते नाव विसरायची.

हे सगळं बिनसलं ते एकसष्ट साली. मिर्सिनी तेव्हा दहा वर्षांची होती.

गावाच्या वरच्या अंगाला अमेरसूदा नावाची विधवा राहायची. तिचा एकुलता मुलगा दूकास देशातल्या यादवी युद्धात डाव्यांच्या बाजूने होता. सरकारने त्याला आठ वर्षं दूर एका ओसाड बेटावर डांबून ठेवलं होतं. त्या जानेवारीत तो सुटून आला तेव्हा धक्क्यावर त्याला कुणी ओळखलं नाही. अंगात कोट होता, पण कोटात माणूस आहे की नाही अशी शंका यावी. छातीत दुखणं घेऊन आला होता. लोक लांबूनच मान हलवायचे. नास्तिक तो, पोलिसांची नजर त्याच्या दारावर, कशाला जवळ जायचं?

उपवासाच्या चौथ्या बुधवारी सकाळी अमेरसूदा इग्नातिसच्या दारात आली. एर्मिओनी घाण्यावर गेली होती, मिर्सिनी शाळेत. त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते घरात कुणालाच कळलं नाही. ते पुढे कळलं, आणि तेही सगळ्या गावासमोर.

आधी कळलं ते मांजरांना. गुरुवारी दुपारी मिर्सिनी शाळेतून येत होती, तर बंद दुकानाच्या दारापुढे अकरा मांजरं ओळीने बसलेली. शेपट्या पायांभोवती गुंडाळून, नाकं वर करून. तिने श्वास घेतला आणि ती दाराजवळ गेली. फळीच्या फटीतून मांस शिजल्याचा वास येत होता. चांगला तेजपत्ता घातलेला, हाडांचा रस्सा.

वारा दक्षिणेचा होता. त्याने तो वास उचलला आणि घरोघरी नेऊन वाटला. महिनाभर डाळ आणि पाला खाल्लेली नाकं ती. पाणवठ्यावर बायका थांबल्या. कॉफीच्या दुकानात पत्त्यांचा डाव थांबला.

"वास येतोय की मला भास होतोय?" स्ताव्राकास न्हाव्याने विचारलं.

"भास असता तर मांजरांना झाला नसता," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी शाळेत न्हाव्याची मुलगी तासूला तिच्यापुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं, तुमच्या दुकानापुढे मांजरांची सभा भरली होती म्हणे?"

"मग? मांजरं कुठेही बसतात."

"माझे बाबा म्हणाले, इग्नातिस दार लावून आत बकरं हाणतोय. आम्ही इथे चणे चावतोय आणि तो हाडं चोखतोय."

"खोटं! माझ्या बाबाने एक घास जरी खाल्ला असेल ना, तर माझी जीभ झडो."

"बघ हं. झडली तर मागायला येऊ नकोस."

मिर्सिनीने तिची वेणी धरून ओढली. मास्तरांनी दोघींना भिंतीशी उभं केलं. भिंतीकडे तोंड करून उभी असतानाही मिर्सिनीला स्वतःचा अभिमानच वाटत होता. बापासाठी भांडलो आपण.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. घरी येताना तिला बाप दिसला. एका हातात चुन्याची बादली, बादलीवर आडवा धरलेला कुंचला. सणाआधी सगळे जण घरं सारवतात, भिंतींना चुना देतात, त्यात नवल काही नव्हतं. पण बाप चुन्याची बादली कधी इतकी जपून धरत नसे, आणि चुन्याच्या बादलीतून वाफ येत नाही. तो वरच्या अंगाला वळला. मिर्सिनी मागोमाग गेली.

अमेरसूदाच्या घराला मागच्या बाजूने एक बुटकी खिडकी होती. मिर्सिनी दगडावर चढली आणि तिने आत पाहिलं. टेबलाशी बाप बसला होता. त्याच्यासमोर वाडगा. समोर कुणीतरी घोंगडीत गुंडाळलेलं, खिडकीकडे पाठ करून बसलेलं. पण मिर्सिनीची नजर बापावरून हलेना. त्याने वाडग्यातलं हाड उचललं, तोंडाला लावलं आणि आतला गर सुर्रकन ओढला. मग भाकरीने वाडगा पुसला, ती खाल्ली, बोटं चाटली. आणि वाडगा पुढे करून म्हणाला, "मावशी, आणखी वाढ."

मिर्सिनी दगडावरून उतरली, आणि डोंगराच्या पायवाटेने धावत समुद्रापर्यंत गेली. तिथे तिला उलटी झाली.

त्या संध्याकाळी बापाने पालकातलं माकूल केलं होतं. उपवासात एरवी वर्ज्य असलेलं तेलही शनिवार म्हणून चालत होतं. मिर्सिनीने ताट सरकवलं.

"काय झालं गं? तुझ्या आवडीचं आहे."

"नको मला."

"दुखतंय का कुठे?"

"तूच खा. तुला भूक लागते ना फार."

इग्नातिसचा चमचा हवेत थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. एर्मिओनी म्हणाली, "ही काय बोलायची रीत झाली?" बापाने तिचं ताट झाकून ठेवलं.

सोमवारी तासूला पुन्हा आली. बरोबर चार-पाच जणी होत्या.

"काय, आहे का जीभ जागेवर?"

मिर्सिनीला ते उत्तर द्यायचं नव्हतं. ती कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत आली, की द्यायचं नव्हतं. पण खिडकीतून पाहिलेलं दोन दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"हो, खातो तो," ती म्हणाली. "मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनाही एवढं अपेक्षित नव्हतं. मग तासूला वळली आणि पळत सुटली. शाळा सुटायच्या आत गावाला कळलं होतं. कुठे पाहिलं, कुणाबरोबर पाहिलं, हे कुणी विचारलं नाही आणि मिर्सिनीने सांगितलंही नाही.

त्या संध्याकाळी इग्नातिस कॉफीच्या दुकानात गेला. मालकाने सगळ्यांपुढे भाजलेल्या चण्यांच्या बशा ठेवल्या, त्याच्यापुढे ठेवली नाही.

"माझी बशी?"

"तुला कशाला चणे? तुझ्या दातांना मऊ खायची सवय लागलीय म्हणतात."

सगळे हसले. इग्नातिसही थोडा हसला. कॉफी संपवली आणि उठून घरी आला. घरी एर्मिओनी दारातच उभी होती.

"इग्नातिस, मी एकदाच विचारणार. खाल्लंस की नाही?"

"खाल्लं."

"कशासाठी?"

"ते नाही सांगता येत."

"बायकोला नाही सांगता येत?"

"शब्द दिलाय कुणाला तरी. तुला सांगितलं तर तो मोडेल."

"उपवास मोडला तेव्हा नाही आठवलं मोडणं ते?"

तो तिच्या बाजूने आत गेला. एर्मिओनी पुढे जवळपास दोन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. जे सांगायचं ते मिर्सिनीमार्फत. "बापाला सांग, लाकडं संपलीत." बाप दोन हातांवर बसलेला असायचा. मिर्सिनी म्हणायची, "लाकडं संपलीत." बाप म्हणायचा, "आईला सांग, आणतो." तो अजूनही पहाटे होडी घेऊन जायचा, दुपारी रांधायचा. आणि दोन-तीन दिवसांआड चुन्याची बादली घेऊन वरच्या अंगाला जायचा.

पंचवीस मार्चला मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सण असतो. त्या दिवशी उपवासातही मासा चालतो. सगळ्या घरांतून खारवलेल्या माशाचा आणि लसणाच्या चटणीचा वास सुटतो. स्वातंत्र्यदिनाची शाळेची मिरवणूकही त्याच दिवशी. मिर्सिनी निळा झगा घालून झेंड्यामागे चालली, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांत आपल्याकडे बघून कोण कुजबुजतंय तेवढंच तिला दिसत राहिलं. त्याआधी सकाळी चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागली होती. पाद्री पापा-फोतिस सोन्याचा पेला धरून उभे होते. दरवर्षी या दिवशी इग्नातिस रांगेत असायचा, दाढी करून, कडक शर्ट घालून. या वर्षी तो खांबाला टेकून मागेच उभा राहिला. पापा-फोतिसनी रांग संपल्यावर त्याच्याकडे पाहिलं, थोडं थांबले. इग्नातिसने मान हलवली. नाही.

आता कुणालाच शंका उरली नाही. ज्याने काही केलं नाही तो कशाला मागे राहील?

मिर्सिनी आईजवळ उभी होती. आईने तिचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

असे आणखी आठ दिवस गेले, आणि झावळ्यांचा रविवार आला. पूजा संपल्यावर लोक चर्चच्या अंगणात जमले. पापा-फोतिस टोपलीतून झावळ्यांचे छोटे क्रूस वाटत होते. सण आठवड्यावर आला होता, म्हणजे कोकरं सांगायचे दिवस. एरवी या रविवारी बायका इग्नातिसभोवती गर्दी करायच्या, मला लहान हवं, मला मागचा पाय हवा. आज तो ओट्याशी एकटाच उभा होता.

न्हाव्याची बायको कालिओपी मुद्दाम मोठ्याने बोलली.

"आम्ही तर यंदा कोकरू वरच्या गावाहून आणणार आहोत बाई. ज्याने उपवास बाटवला त्याच्या हातचं सणाला नको."

"आम्हीही," दुसरी म्हणाली. तिसरीने मान डोलावली.

"मग माझ्या हातचा क्रूसही परत दे, कालिओपी," मागून आवाज आला.

अमेरसूदा होती. काळा रुमाल, हातात झावळ्यांचा जुडगा. पहाटेपासून बसून तिनेच ते क्रूस विणले होते.

"तुला काय झालं, मावशी?"

"मला काय होणार? मी खोटारडी आहे, बाकी काही नाही. महिनाभर तुम्हाला सांगत होते ना, माझा दूकास माझ्याबरोबर उपवास धरतो? धरत नाही तो. त्याच्या छातीत पाणी आहे. डॉक्टर म्हणाला, मांसाचा रस्सा पोटात गेला नाही तर सणाची घंटा त्याला ऐकू येणार नाही. मी इग्नातिसच्या पाया पडले, म्हटलं काप एक करडू, पण तोंडातून ब्र काढू नकोस. आधीच माझ्या पोराला तुम्ही देव न मानणारा म्हणता. त्यात उपवासात मांस खातो हे कळलं असतं तर दारापुढून जातानाही थुंकला असतात."

कालिओपीने हातातला क्रूस खाली केला.

"आजाऱ्याला माफ असतं, मावशी," कालिओपी हळूच म्हणाली.

"देवाचं माफ असतं. तुमचं असतं का?" म्हातारी श्वास घ्यायला थांबली. "आणि ऐका पुढचं. माझा पोर ते खाईना! दोन दिवस तोंड फिरवून बसला. म्हणाला, ‘आई, आठ वर्षं तू माझ्यासाठी कोरड्या भाकरीवर काढलीस, आणि मी तुझ्यासमोर मांस खाऊ? तिथे आम्ही सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी घास घेत नव्हतो.’ मी रडले, हात जोडले. नाही म्हणजे नाही. तिसऱ्या दिवशी हा माणूस आला. वाडग्यात रस्सा ओतला, एक दूकासपुढे ठेवला, एक स्वतःपुढे ओढला. म्हणाला, ‘ये, बस. पाप अर्धं अर्धं. आता तरी खाशील?’ आणि खाल्लं माझ्या पोराने. काल अंगणात दहा पावलं चालला, काठीशिवाय."

ती इग्नातिसकडे वळली. "मला केव्हाच बोलायला हवं होतं. पण नाक कापलं जाईल म्हणून गप्प बसले, आणि कापलं तुझं."

इग्नातिस मान खाली घालून कोटाच्या बटणाशी चाळा करत होता. त्याला आता कुठे लपू असं झालं होतं.

"पापा, तुम्हाला ठाऊक होतं?" स्ताव्राकासने विचारलं.

"ठाऊक होतं," पापा-फोतिस म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी आला होता माझ्याकडे. पण कबुलीत माझ्या कानात पडलेलं माझ्या तोंडाने कसं सांगू? वाट बघत होतो, तुमच्यातला कुणी त्याला साधं विचारेल, की बाबा रे, का? एकानेही विचारलं नाही."

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि आत निघून गेले. मग कालिओपी पुढे आली. लाल झाली होती.

"इग्नातिस... आमचं कोकरू लहानसंच काप हं. आम्ही चारच जण."

"मागचा पाय तुला ठेवतो," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांनाच हसायला निमित्त झालं. एर्मिओनी नवऱ्यापाशी गेली. त्याच्या कोटावरची न दिसणारी धूळ झटकत राहिली. मिर्सिनी मात्र खांबाआड उभी होती. बाकीच्यांना सुटल्यासारखं झालं होतं, पण त्या अंगणात एकच माणूस होतं ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सणाआधीच्या मोठ्या आठवड्याच्या सोमवारी, शाळेला सुट्टी होती. पहाटे बापाने तिला हलवून उठवलं. "चल. एकट्याला वल्ही जड जातात." कधी जात नसत.

समुद्र तेलासारखा पडला होता. बाप खडकांजवळ होडी उभी करून लांब काठीने काळे काटेरी गोळे काढत होता, शिंपल्यांसारखेच बिनरक्ताचे जीव. एक फोडून त्याने तिच्यापुढे धरला, आत केशरी गर. तिने घेतला नाही.

"बाबा, ते मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"स्ताव्राकासने. दाढी करताना. गळ्यावर वस्तरा ठेवून सांगितलं, मला हलताही येईना."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. नाक वाहेपर्यंत रडली. बाप थांबून राहिला. त्याला समजूत घालता यायची नाही, त्याने नुसता स्वतःचा रुमाल पुढे केला.

"मला वाटलं, तू चोरून खातोयस."

"दिसत तसंच होतं. मी खिडकीत असतो तर मलाही तसंच वाटलं असतं."

"मग पापांनी तुला माफ केलं होतं, तरी तू प्रसाद का नाही घेतलास? सगळ्यांना वाटलं खरंच काहीतरी केलंस."

इग्नातिसने काठी होडीत आडवी ठेवली. 

"हे बघ," तो म्हणाला. "पहिला वाडगा मी दूकाससाठी खाल्ला. तो पापांनी माफ केला. पण चौतीस दिवस मांस नव्हतं गं पोटात. तेजपत्ता घालून शिजवलेला रस्सा, वर त्या म्हातारीने पिळलेलं लिंबू... मिर्सिनी, काय चव होती! दुसरा वाडगा मी मागून घेतला. दूकास तेव्हा खात होता, गरज नव्हती. तो दुसरा माझ्यासाठी होता. त्यातलं अर्धं पाप कुणाच्या माथी मारू?"

"पापांना सांगितलंस ते?"

"सांगितलं. ते हसायला लागले. म्हणाले, जा, हेही माफ. पण मला नाही पटलं. म्हटलं, सणापर्यंत थांबतो, तोवर नीट भूक लागू दे."

त्याने दुसरा गोळा फोडला. या वेळी तिने घेतला. खारट, गोड, थंड. बापाने एक वल्हं तिच्या हातात दिलं. तिच्या बाजूने होडी वाकडी जायची, त्याच्या बाजूने सरळ, असे दोघे गोल गोल फिरत धक्क्याला लागले. एर्मिओनी तिथे कमरेवर हात ठेवून उभी होती. "सूर्य डोक्यावर आला! चूल काय आता मीच पेटवू?" ती आता थेट नवऱ्याशी बोलत होती.

दूकास त्या सणाला चर्चमध्ये आला नाही. बाहेर अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला, हातात मेणबत्ती धरून, आईसाठी म्हणाला. पुढे तो चांगला सत्तावीस वर्षं जगला. खुर्च्या विणायचा. इग्नातिसच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या त्याने विणल्या, आणि इग्नातिस गेला तेव्हा शवपेटीला पुढून खांदाही त्यानेच दिला.

मिर्सिनीला हे सगळं अगदी काल घडल्यासारखं आठवतं. वाऱ्याची दिशा, मांजरांची संख्या, कालिओपीच्या रुमालाचा रंग. सून कधी कधी विचारते, "मग त्या सोमवारी होडीतून आल्यावर तुमच्या बाबांनी काय रांधलं?" तिथे मात्र मिर्सिनी अडते. शिंपल्यांचा भात असेल, नाहीतर नुसत्या उकडलेल्या रानभाज्या, मोठ्या आठवड्यात तेल नसतं. आठवण्याचा ती पुष्कळ प्रयत्न करते. चुलीपाशी पाठमोरा उभा असलेला बाप दिसतो, आई भाकरी मोडताना दिसते, तिघांची ताटं दिसतात. ताटांत काय होतं ते काही केल्या दिसत नाही.